नागपुरात एकटीने रात्र काढायची होती तेव्हा... (अनुभव लिहा)

पळसफूल

काल संध्याकाळी सीताबर्डी मेट्रो स्टेशनच्या सरकत्या जिन्यापाशी एक मुलगी उभी होती. पाठीवर बॅग, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये हॉल तिकीट. मला विचारलं, "काकू, इथे जवळ एखादी स्वस्त लॉज आहे का? पण चांगली?" ते 'पण चांगली' ऐकलं आणि मला माझी रात्र आठवली.

२००५. मी वडस्याहून मुलाखतीला आले होते. बस वाटेत बंद पडली, गणेशपेठ स्टँडवर उतरले तेव्हा रात्रीचे साडेआठ. पर्समध्ये आठशे रुपये, त्यातले परतीचे रुमालात वेगळे बांधलेले. पहिल्या लॉजमध्ये काउंटरवरच्या माणसाने आधी माझ्या मागे पाहिलं. "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर, "एकट्या लेडीजला देत नाही." दुसरीकडे तेच. तिसरीकडे खोली होती, साडेतीनशेला, आतून कडी असलेली, पण मॅनेजर म्हणाला, वडिलांशी बोलणं करून द्या. आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात होता आणि ते दुकान आठला बंद व्हायचं. मी मुलाखतीचं पत्र काढून दाखवलं, त्याने हातातही घेतलं नाही.

चौथ्याने खोली दिली. पाचशे रुपये. आतल्या कडीचा कोंडा निखळलेला. टेबल ओढून दाराला लावलं, त्यावर बॅग ठेवली आणि पलंगावर बसून राहिले. जिन्यावर पाऊल वाजलं की घशाला कोरड पडायची. पहाटे पाचला रिक्षा करून रेल्वे स्टेशनवर गेले. बायकांच्या वेटिंग रूममधल्या मावशीने काही न विचारता आत घेतलं. तिथे तोंड धुतलं, साडी नेसले आणि मुलाखतीला गेले.

नोकरी मिळाली नाही, त्याचं आता काही वाटत नाही. पण कडी असलेली साडेतीनशेची खोली मला नाकारली गेली आणि कडी नसलेलीचे मी पाचशे दिले, हे वीस वर्षांनीही डोक्यातून जात नाही.

कालच्या मुलीला प्रतापनगरच्या बाजूच्या एका लेडीज होस्टेलवर सोडून आले. तिथे एका रात्रीपुरतंही ठेवून घेतात. तुम्ही कोण कोण अशा राहिल्या आहात? कितीत, कोणत्या भागात, काय झालं ते लिहा. नावं-पत्ते नकोत, भाग सांगितला तरी पुरे.

गोंदियावाली

वाचून अंगावर काटा आला. मला तर वडिलांच्या जागी भावाशी बोलायला लावलं होतं. भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, तेव्हा अकरावीत. त्याने "हो ठेवा" म्हटल्यावर खोली मिळाली. मी तेव्हा शाळेत शिक्षिका होते!

मेडिकल_वॉर्ड_२३_दिवस

माझं फिरणं नव्हतं पण लिहिते.

सासूबाई मेडिकलला (सरकारी हॉस्पिटलात) ॲडमिट होत्या. नवरा शेतीच्या कामाला गावी, मी एकटी. पहिल्या चार रात्री वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात चटई टाकून. तिथे छिंदवाड्याची एक, बालाघाटची एक आणि आर्वीची एक अशा आम्ही चौघी जमलो. दोघी झोपायच्या, दोघी जाग्या राहायच्या. पिशव्या मध्ये ठेवायच्या आणि आपण चारी बाजूंना. मग नातेवाइकांसाठीच्या एका धर्मशाळेचं कळलं, ५० रुपये रोज, बायकांचा हॉल वेगळा, रात्री दहाला दार बंद. पण पेशंटचा कागद लागतो, आधारही लागतं. पुढचे दिवस तिथे निघाले.

आर्वीच्या ताईच्या नवऱ्याला मग तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला नेलं. पुढे भेट नाही. तिचा डबा माझ्याकडे राहिला आहे, अजून वापरते.

पळसफूल

तो डबा असू द्या तुमच्याकडेच 🙏

जुना_काउंटरवाला

पुरुष आहे, लिहू की नको असं दोन तास चाललं होतं. २००८ ते २०१२ मी सेंट्रल एव्हेन्यूवरच्या एका लॉजच्या काउंटरवर रात्रपाळी केली. मालकाचं सांगणं साफ होतं, एकटी बाई आली तर 'फुल्ल आहे' म्हणायचं. कारण विचारलं तर म्हणाले, काही बरंवाईट झालं तर पोलिस चौकशीत लॉज महिनाभर बंद पडते, आणि धाड पडली तर नाव खराब होते. दोन्ही भीती खऱ्या होत्या. पण एकट्या माणसानेही बरंवाईट केलं असतं, त्याला आम्ही कधी अडवलं नाही.

कायद्यात असं कुठेही नाही की एकट्या बाईला खोली देऊ नये. ओळखपत्र पाहायचं, रजिस्टरमध्ये नोंद करायची, एवढंच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मालकाला माहीत होतं की नाही सांगता येत नाही.

डिसेंबरची एक रात्र लक्षात आहे. कडाक्याची थंडी. चाळिशीच्या एक बाई आल्या, हायकोर्टात तारीख होती. वर सात खोल्या रिकाम्या. मी 'फुल्ल आहे' म्हणालो. त्या बोर्डाकडे पाहत होत्या, बोर्डावर सात किल्ल्या लटकलेल्या. काही बोलल्या नाहीत, गेल्या. मी बाहेर जाऊन पाहिलं तर अग्रसेन चौकाकडे चालत निघाल्या होत्या. हाक मारायला हवी होती. मारली नाही.

गोंदियावाली

दादा, लिहिलंत हे बरं केलं.

खसताटी

उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी सांगते, बाकी सगळं नंतर, आधी कूलर पाहा!! मी पुण्याहून मे महिन्यात पेंचला जायला आले होते, एकटीच. नेटवर खोली छान दिसली, ६०० ला. पोहोचले तर वरचा मजला, वर स्लॅब, आणि कूलर म्हणजे नुसता पंखा, टाकीत पाणीच नाही. म्हणे पाणी सकाळीच येतं. ४५ च्या वर पारा. रात्री दोनदा चादर ओली करून पांघरली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीनगरात एका आजींकडे गेले, त्या मागची खोली रोजाने देतात. ५०० रुपये, कूलरला खसच्या (वाळ्याच्या) ताट्या नवीन बसवलेल्या, आणि संध्याकाळी आजी स्वतः बादलीने टाकी भरायच्या. दारापाशी फुलपात्रात पाणी भरून चिमण्यांना ठेवायच्या. तीन दिवसांसाठी आले होते, पाच दिवस राहिले.

टेकडी_गणेश_मागे

खस आता कुठे मिळते चांगली? आमच्या कूलरला गवताच्या ताट्या लावल्या यंदा, वासच येत नाही

खसताटी

@टेकडी आजींनी महाल भागातून आणल्या होत्या, इतकंच माहीत आहे

वऱ्हाडी_माय

काहून गं बायांनो, रेल्वेचे रिटायरिंग रूम कोणीच नाही सांगितले? मी अकोल्यावरून येतो तेव्हा तेथेच राहतो. कन्फर्म नाही तर आरएसी तिकीट पाहिजे, त्याच्या पीएनआरवर ऑनलाइन बुक होते. डॉर्मिटरी असली तर आणखी स्वस्त. आपण एकटी का दुकटी हे कोणी विचारत नाही. फक्त लवकर भरते, आठ दिवस आधी पाहून ठेवजो. अन् स्टेशनवर काही त्रास झाला तर १३९ लावजो.

दसऱ्याला_येणारी

माझा अनुभव वेगळा आहे. यवतमाळ जिल्ह्यातून आम्ही दर दसऱ्याला दीक्षाभूमीला येतो. माझी आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला इथेच होती, पाठीवर बाळ बांधून आली होती म्हणायची. ते बाळ म्हणजे माझी आई. दरवर्षी मी आईसोबत यायची. आई गेल्यावर २०१४ ला पहिल्यांदा एकटी निघाले.

त्या दिवसांत लॉज मिळत नाहीत, मिळाल्या तरी भाव विचारू नका. जवळच्या एका शाळेत सोय होती. वर्गातले बेंच बाहेर काढलेले, फळ्यावर कुणीतरी जय भीम लिहिलेलं. एका वर्गात आम्ही तीसेक बाया, नांदेडच्या, परभणीच्या, तेलंगणातल्याही. एकटी आहे म्हटल्यावर एका म्हातारीने तिची सतरंजी अर्धी माझ्याकडे सरकवली. रात्रभर बाहेर गाणी, भोंगे, लाखो लोकांचे पाय. दाराला कडी होती की नाही मी पाहिलंही नाही. त्या रात्री जशी झोपले तशी आई गेल्यापासून झोपले नव्हते.

सकाळी पुस्तकांच्या स्टॉलवर परतीचे सोडून सगळे पैसे खर्च केले 😊

पळसफूल

ताई, हे वाचून थांबले जरा. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. जाऊ दे.

अहेरीहून

नमस्कार सगळ्यांना. मला विचारायचंच होतं. माझी येत्या रविवारी परीक्षा आहे, सेंटर हिंगणा रोडला आलं. शनिवारी संध्याकाळी पोहोचते. रेल्वे स्टेशनजवळ राहू का? बजेट जास्तीत जास्त ७००. बाबा म्हणतात सोबत येतो, पण दोघांचं जाणं-येणं आणि त्यांची मजुरी बुडते. पहिल्यांदाच एकटी येऊन राहिली.

वऱ्हाडी_माय

ये माय ये. भिऊ नको.

रोज_मेट्रोने

स्टेशनजवळ राहायची गरज नाही. ॲक्वा लाइनचं शेवटचं स्टेशन लोकमान्य नगर, ते हिंगणा रोडवरच आहे. सुभाष नगर किंवा त्रिमूर्ती नगरच्या बाजूला लेडीज होस्टेल आणि पीजी पाहा, शनिवारी मुली गावी जातात, मग कॉट बेसिसवर एक रात्र देतात. स्टँडवरून कॉटन मार्केट मेट्रो गाठ, तिथून ॲक्वा लाइन सरळ जाते, गाडी बदलायला लागत नाही. सेंटर लोकमान्य नगरच्या किती पुढे आहे ते हॉल तिकिटावरचा पत्ता टाकून आजच पाहून ठेव. काही कॉलेजं बरीच आत आहेत, सकाळी ऑटोला वेळ धर.

जुना_काउंटरवाला

फोन करताना हे आधीच विचारा: एकटी आहे, चालेल ना? खोलीला आतून कडी आहे ना? रात्री गेट किती वाजता लागतं? दारात उभं राहून नकार ऐकण्यापेक्षा फोनवर ऐकलेला बरा. आणि पैसे भरायच्या आधी खोली पाहायला मागा. पहिल्या मजल्यावरची, जिन्याजवळची घ्या. खोलीचा नंबर काउंटरवर मोठ्याने बोलू देऊ नका, चिठ्ठीवर लिहून मागा. आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, साइटवरून फुकट निघतं.

बसमध्ये_बसलेली

एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, ते वाचलेले पैसे खोलीत घाल पोरी. पाच-पन्नास वाचवायला अंधाऱ्या गल्लीतली खोली नको घेऊस. मी घेतली होती, तपशील लिहीत नाही. काही झालं नाही पण चार वर्षं मी एकटी कुठे गेले नाही.

११२ फोनमध्ये वर ठेव. १८१ पण, बायकांची हेल्पलाइन.

पळसफूल

@बसमध्ये_बसलेली नका लिहू तपशील. आता जाता ना एकट्या?

बसमध्ये_बसलेली

आत्ता बसमध्येच आहे 🙂 भंडारा रोड. एकटीच.

टेकडी_गणेश_मागे

अधिवेशनाच्या वेळी, म्हणजे डिसेंबरात, कोणी स्वस्त खोलीच्या आशेने येऊ नका. जामठ्याला मॅच असली तरी तेच. माझ्या बहिणीला वर्धेला जाऊन राहावं लागलं होतं एकदा, सकाळच्या गाडीने परत नागपूर. सेवाग्रामला यात्री निवास आहे ते बरं म्हणाली ती.

खसताटी

सेवाग्राम खरंच छान. पण परीक्षेच्या सकाळी नको, ७५ किलोमीटर आहे.

अहेरीहून

तीन ठिकाणी फोन केले. एकाने "सोबत कोण" विचारून ठेवून दिला. दुसरीकडे महिन्याचंच देतात. तिसरीकडे बाई बोलल्या, त्रिमूर्ती नगर, ४५० रुपये, सकाळी पोहे देतील. मी कडी विचारली तर म्हणाल्या, "दोन आहेत बेटा, वर अन् खाली." बाबांना पण त्यांच्याशी बोलवून दिलं, मीच. त्यांनाही बरं वाटलं.

पळसफूल

शाबास गं. शनिवारी पोहोचलीस की इथे लिही, कितीही वाजू दे.

वऱ्हाडी_माय

पोह्यावर तर्री मागून घेजो 😄 पण पेपरच्या आधी कमी तिखट

अहेरीहून

शनिवार, रात्री ८:५०. पोहोचली. खालची कडी जरा घट्ट आहे, पण लागते. शेजारच्या कॉटवर धानोऱ्याची एक जण आहे, तिचंही सेंटर तेच. कूलरची टाकी आम्ही दोघींनी भरली.