पार्कच्या दुकानातली पुस्तकं आणि वस्तू: खरंच सगळा कचरा?

रानवाटा (धागाकर्ती)

काल अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कच्या फोटोंखाली एका सदस्याने लिहिलं: 'नॅशनल पार्कच्या दुकानांत पाऊलही टाकू नका. चिनी मग, चिनी टोप्या आणि पुस्तकं म्हणजे गोऱ्यांनी स्वतःची केलेली आरती. आपले लोक तिथे डॉलर उधळतात ते फक्त मिरवायला.' वाचून डोकं फिरलं. तिथे दोन ओळींत उत्तर मावत नव्हतं, म्हणून हा धागा.

लॉजमधलं गिफ्ट शॉप आणि व्हिजिटर सेंटरमधलं पुस्तकांचं दुकान यांत फरक आहे. लॉजचा ठेका खासगी कंपनीकडे असतो. व्हिजिटर सेंटरमधलं दुकान बहुतेक ठिकाणी ना-नफा संस्था चालवते आणि उरलेला पैसा पार्कच्याच कामाला लागतो. योसेमिटीत अशी संस्था १९२३ पासून आहे.

आणि आरती? एकदा मँझनारला जाऊन या. सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी, वाळवंटात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या लोकांना तिथे काटेरी तारांमागे ठेवलं. एका वेळी १०,००० माणसं, त्यातली बहुतेक अमेरिकेचीच नागरिक. आज ती जागा पार्क सर्व्हिस, म्हणजे नॅशनल पार्कचं सरकारी खातं, सांभाळते आणि तिथल्या दुकानात त्या छावणीत वाढलेल्यांच्या आठवणी विकायला असतात. माझ्या लेकीने तिथून एक पुस्तक घेतलं. परतीच्या वाटेवर गाडीत वाचत होती, मधेच म्हणाली, "आई, यांनी काहीच केलं नव्हतं ना?" शाळेच्या पुस्तकात हा भाग एका परिच्छेदात आटोपला होता.

पार्कभेटींचे शिक्के घ्यायच्या 'पासपोर्ट' वहीचंही तेच. १९८६ पासून ही योजना चालू आहे. वही विकत घ्यायची, तारखेचा शिक्का फुकट. त्या शिक्क्यासाठी मुलं आडवाटेच्या ऐतिहासिक जागांवर यायला तयार होतात. याला मिरवणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

कोरडा_पाऊस

तो प्रतिसाद माझाच आणि मी त्यावर ठाम आहे. मँझनार हे सोयीचं उदाहरण झालं. माउंट रशमोरचं काय? ब्लॅक हिल्सचे डोंगर लाकोटा या मूळ अमेरिकी जमातीचे राहतील असा करार १८६८ मध्ये झाला. सोनं सापडल्यावर तो मोडला. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने भरपाई मंजूर केली, ती त्यांनी आजवर घेतलेली नाही, कारण त्यांना पैसा नको, जमीन हवी आहे. त्याच डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे, म्हणजे रशमोर, आपण मगवर छापून घरी आणतो आणि त्यातून चहा पितो. मगवर कराराची एक ओळ तरी असते का?

ना-नफा संस्थेचं कौतुकही पुरे. २००३ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या दुकानात, हे खोरं बायबलमधल्या नोहाच्या प्रलयात तयार झालं असं सांगणारं पुस्तक विकायला होतं. भूगर्भशास्त्रज्ञांच्या संघटनांनी ते हटवा म्हणून पत्र लिहिलं, पुस्तक मात्र तिथेच राहिलं.

तळ्याकाठी

चिनी वस्तूंबद्दल कोरडा_पाऊस यांच्याशी पूर्ण सहमत. २०११ मध्ये स्मिथसोनियनच्या इतिहास संग्रहालयाच्या दुकानात विकायला ठेवलेले राष्ट्राध्यक्षांचे पुतळे चीनमध्ये बनवलेले निघाले, तेव्हा सिनेटर सँडर्स यांनी जाब विचारला होता.

पण सगळं एका मापाने मोजू नका. ॲरिझोनातलं हबेल ट्रेडिंग पोस्ट पाहा. १८७८ पासूनचं दुकान, आता पार्क सर्व्हिसच्या ताब्यात, आणि अजून चालू. नवाहो या मूळ अमेरिकी जमातीचे विणकर तिथे गालिचे आणून देतात. मी एक छोटा घेतला, विणणारीचं नाव चिठ्ठीवर होतं. उलट हायवेवरच्या एका दुकानात 'अस्सल नवाहो' म्हणून घेतलेल्या कड्यातला पिरोजा (टर्क्वॉइज) वर्षभरात फिका पडला. कारागीर मूळ अमेरिकी नसताना तसं सांगून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण तक्रार करणार कोण?

खडकवासी

अवांतर आहे, पण लिहितोच. दुकानातून वस्तू घेणारे निदान दगड तरी उचलत नाहीत! पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये झाडांचे दगड झालेले आहेत, २० कोटी वर्षांहून जुने. लोक तुकडे खिशात घालून नेतात आणि नंतर माफीच्या चिठ्ठीसह टपालाने परत पाठवतात. ते तुकडे मूळ जागी ठेवताही येत नाहीत, कारण नेमके कुठून उचलले ते कुणालाच ठाऊक नसतं. शास्त्राच्या दृष्टीने ते वाया गेले. पार्कात त्यांचा वेगळा ढीग आहे. आपल्याकडून येणारी ज्येष्ठ मंडळी यात पुढे असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मिनेसोटाची_माई

खडकवासी, जीभ आवरा. माझे सासरे ८० वर्षांचे आहेत. त्यांनी एक खडा उचलला म्हणून ते चोर झाले का? नर्मदेतला गोटा देव्हाऱ्यात ठेवणारी आमची माणसं. त्यांना तो दगड आवडला, एवढंच.

खडकवासी

चोर मी कुणालाच म्हटलेलं नाही. पण दरवर्षी लाखो माणसं येतात, प्रत्येकाला एकेक खडा आवडला तर काय उरेल? बाहेरच्या दुकानांत खासगी जमिनीतून काढलेले तुकडे राजरोस मिळतात. तिथून घ्या, पावती मिळेल.

मिनेसोटाची_माई

आणि आमच्या नाशिक-जळगावकडच्या खाणींतले झिओलाइटचे स्फटिक अमेरिकेतल्या दगडांच्या दुकानांत मांडलेले असतात, ते चालतात?

तळ्याकाठी

माई, तो खाणीतला माल आहे, संरक्षित जागेतला नाही. सासऱ्यांवर कुणी खटला भरत नाहीये. तो दगड अजून घरी असेल तर नातवंडांना नियम सांगा आणि विषय संपवा.

मिनेसोटाची_माई

नियम मलाही कळतो. बोलण्याची पद्धत कळावी एवढीच अपेक्षा होती.

रानवाटा

दगडांवरून मूळ मुद्द्याकडे येते. कोरडा_पाऊस, रशमोरबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मग तो करार लोकांना कळणार कुठून? मला तो पार्कच्या दुकानातल्या पुस्तकातूनच कळला. आणि पार्कही बदलतात: मॉन्टानातल्या ज्या रणांगणाला मूळ अमेरिकींशी लढलेल्या कस्टर या सेनाधिकाऱ्याचं नाव होतं, त्याचं नाव १९९१ मध्ये कायदा करून लिटल बिगहॉर्न झालं. पार्कच्या दुकानांतून तुम्ही लोकांना हाकललंत तर तिथे उरतील फक्त मग घेणारे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. २०२५ मध्ये पार्कांत फलक लागले: अमेरिकनांबद्दल नकारात्मक काही आढळलं तर कळवा. मँझनारलाही लागले. दुकानांतली पुस्तकंही तपासणीत आली. कपाटावर काय राहणार यावर भांडायचं, तर आपण कपाटाकडेच पाठ फिरवायची?

कोरडा_पाऊस

तपासणीचं माझ्या लक्षात नव्हतं. ठीक आहे, पुस्तकांपुरतं मान्य, तेही नाइलाजाने. नोहाच्या प्रलयाचं सोडून. मग आणि टोप्यांवर मी एक इंच मागे हटणार नाही.

तळ्याकाठी

मग रानवाटा, मँझनारच्या त्या पुस्तकाचं नाव द्या की. उन्हाळ्यात आम्ही त्याच रस्त्याने जाणार आहोत.