मदत हवी आहे: गटाराच्या सांडव्याच्या पाण्यात क्लोरीन टिकतच नाही

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी,

विषय घाणेरडा आहे, जेवताना वाचू नका.

मी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका लहान गावच्या सांडपाणी केंद्रावर काम करतो, हे तिसरं वर्ष. इथल्या जुन्या गावांत गटार एकच असतं. संडास-मोरीचं पाणी त्यात आणि रस्त्यावरचं पावसाचं पाणीही त्यातच. एरवी सगळं केंद्रात येतं. पावसाने झोडपलं की पाइपात मावत नाही आणि जास्तीचं पाणी सांडव्यावरून थेट नदीत जातं. अशी सुमारे 700 गावं-शहरं या देशात आहेत. 1994 मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्थेने यासाठी धोरण आणलं, तेव्हापासून कुणी भूमिगत टाक्या बांधल्या, कुणी गटारं वेगळी केली. आमच्या गावाला दोन्ही झेपलं नाही. म्हणून सांडव्यावर एक जाळी, 300 घनमीटरची एक संपर्क टाकी, तिच्या तोंडाशी जंतू मारायला सोडियम हायपोक्लोराइट (पाण्यात क्लोरीन सोडणारं द्रावण, आम्ही हायपो म्हणतो), आणि बाहेर पडताना उरलेलं क्लोरीन मारायला सोडियम बायसल्फाइट, एवढाच संसार.

आता अडचण. ऑगस्टमध्ये एका पहाटे पावणेतीनला अलार्म वाजला. मी पोचलो तेव्हा पाणी टाकीत शिरलं होतं, हायपो ओतणारा डोसिंग पंप टकटक करत चालू होता, पडद्यावर सगळं हिरवं. पंधरा मिनिटांनी टाकीच्या शेवटी, बायसल्फाइट पडायच्या आधी, नमुना घेतला. उर्वरित क्लोरीन शून्य. ई. कोलाय (विष्ठेतले जंतू) 100 मिलीत 48,000. दीड तासाने दुसरा नमुना: क्लोरीन लिटरला 3.1 मिलिग्रॅम, ई. कोलाय फक्त 40.

डोस लिटरला 10 मिलिग्रॅमवर लावलेला. टाकी मिनिटाला 20 घनमीटर प्रवाहासाठी आखलेली, म्हणजे 15 मिनिटं संपर्क. त्या रात्री प्रवाह 30 पर्यंत गेला. हायपो 12.5 टक्क्यांचं, मे महिन्यात भरलेलं. पंपाची कमाल क्षमता मिनिटाला 2 लिटर.

साहेब म्हणतात, हायपो बाद करा आणि पेरॅसिटिक आम्ल (क्लोरीन नसलेलं दुसरं जंतुनाशक) आणा. खरंच रसायनाचा दोष आहे का? की मी काही चुकतोय?

चिंचगूळ

लंडनवाल्यांनी थेम्सखाली 25 किलोमीटरचा बोगदाच खणला, 2025 मध्ये सगळे सांडवे जोडून झाले. रसायन नाही, कटकट नाही. गावाला सुचवून बघा :)

ओढ्याकाठी

आमच्या गावाचं वर्षाचं बजेट त्या बोगद्याच्या झाकणात संपेल.

जुना_नळवाला

पाणीपुरवठ्यात 31 वर्षं काढून निवृत्त झालो. सांडव्याचं काम कधी केलं नाही, पण क्लोरीन इथे-तिथे सारखंच.

आमच्याकडे ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचा आणि ओटी टेस्ट (क्लोरीन असेल तर पाण्याला रंग येतो ती चाचणी) केली की रंगच यायचा नाही. सरपंच म्हणायचे, पाणी खराब. मी आधी पोत्याचं तोंड बघायचो. उघडं पोतं, पत्र्याची खोली, पावडरीचे गोळे झालेले. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, त्या पोत्यात नावालाच उरलेलं असायचं. पाण्याचा काय दोष?

तुमचं हायपो मेपासून ऑगस्टपर्यंत कुठे उभं होतं? 12.5 टक्के म्हणजे लिटरमागे 125 ग्रॅम, पण ते भरलं त्या दिवशी. तापमान 10 अंशांनी चढलं की हायपो तिप्पट-चौपट वेगाने मरतं.

आता हिशोब मांडा. 30 घनमीटरला 10 मिलिग्रॅम म्हणजे मिनिटाला 300 ग्रॅम क्लोरीन. पंप 2 लिटरच्या वर जात नाही. ताजं हायपो असतं तरी 250 ग्रॅमच गेलं असतं. समजा आज लिटरला 80 उरलंय, तर 160 ग्रॅम, म्हणजे पाण्यात 5.3. तुमच्या पडद्यावर 10 आणि पाण्यात निम्मं. आधी हायपोच्या टाकीतल्या द्रावणाचं टायट्रेशन करा, म्हणजे त्यात क्लोरीन किती उरलंय ते मोजा, मग साहेबांशी बोला.

चार्ल्सकाठची

नळवालाकाकांना अनुमोदन. मी बॉस्टनजवळ याच क्षेत्रात आहे. आमच्याकडे केंब्रिजला कॉटेज फार्म नावाचं सांडव्याचं केंद्र आहे, 1971 पासून. तिथेही जाळी, हायपो, मग क्लोरीन काढणं आणि चार्ल्स नदी. म्हणजे पद्धत जुनी आहे, चालते. पण पिण्याच्या पाण्याचं डोकं इथे लावलं की फसतं.

पहिल्या लोंढ्यात काय असतं बघा. कोरड्या दिवसांत गटाराच्या तळाशी बसलेला गाळ, रस्त्यावरचं तेल, कुजका पाला, सगळं उठून एकदम येतं. क्लोरीन जंतूंपर्यंत पोचण्याआधी त्या घाणीतच खर्च होतं. अमोनिया भेटला की क्लोरामाइन होतं, ते मंद आहे, त्याला वेळ लागतो, आणि तुमच्याकडे 15 ऐवजी 10 मिनिटंच होती. शिवाय विष्ठेच्या कणाच्या पोटात बसलेल्या जंतूला क्लोरीन शिवतच नाही. दीड तासाने पाणी पातळ आणि स्वच्छ झालं, प्रवाह उतरला, पंप तेवढाच ओतत राहिला, म्हणून 3.1 उरलं. सांडव्यावर कमी संपर्कवेळात काम भागवायचं तर लोक 20-25 मिलिग्रॅमपर्यंत जातात, आणि मुखाशी जोरदार मिश्रण करतात. नुसतं नळीने ओतून चालत नाही.

एक विचारते: पंपाच्या शोषण नळीत बुडबुडे दिसले का?

ओढ्याकाठी

हो! नळी पारदर्शक आहे. शेंगदाण्याएवढे बुडबुडे वर सरकत होते. मला वाटलं, पंप चालू आहे म्हणजे असं दिसणारच.

चार्ल्सकाठची

नाही हो. हायपो मरताना ऑक्सिजन सोडतं. महिनाभर पंप बंद, नळीत द्रावण उभं, वायू साठतो आणि पंपाच्या डोक्यात अडकतो. मग पंपाच्या आतला पडदा (डायाफ्राम) हलतो, टकटक ऐकू येते, पण रसायन पुढे जात नाही. तुमची पहिली पंधरा मिनिटं बहुतेक हवेचाच डोस गेला. वायू बाहेर काढणारं झडप बसवा, नळी टाकीकडे सतत चढती ठेवा, आणि दर आठवड्याला पंप दोन मिनिटं चालवून बघा. दोन्ही बाजूंना झडपा बंद केल्या की मध्ये हायपो कोंडून ठेवू नका, फुटतं.

आम्लपित्त

पेरॅसिटिकवर दोन शब्द, आम्ही वापरतो. वर्षभर टिकतं, त्यामुळे चार महिन्यांत एकदा लागणाऱ्या कामाला बरं. क्लोरीनयुक्त उपपदार्थ होत नाहीत. पण महाग आहे, व्हिनेगरसारखा वास डोळ्यांत पाणी आणतो, आणि विघटन होऊन ॲसेटिक आम्ल उरतं म्हणजे नदीवर थोडा सेंद्रिय भार वाढतो. राज्याच्या परवान्यात बदल करावा लागेल तो वेगळा. आणि 2 लिटरचा पंप त्यालाही 2 लिटरचाच.

जुना_नळवाला

स्वस्त उपाय: हायपो आलं की तेवढंच पाणी घालून 6 टक्क्यांवर आणा. ऱ्हास जवळपास चौथाईवर येतो. पाणी मात्र मऊ घ्या, नाहीतर क्षार बसून नळ्या तुंबतील.

आम्लपित्त

काका, पातळ केलं की तेवढ्याच क्लोरीनला दुप्पट लिटर लागतील. पंप आधीच कमी पडतोय.

जुना_नळवाला

बरोबर. मग पंप आधी, पाणी नंतर. 6 टक्क्यांवर 30 घनमीटरला 20 मिलिग्रॅम म्हणजे मिनिटाला 10 लिटर. त्या हिशोबाने घ्या.

ओढ्याकाठी

टायट्रेशन केलं. लिटरला 76 ग्रॅम. टाकी पत्र्याच्या शेडखाली, दुपारी हात लावला तर गरम. साहेबांना आकडा दाखवला. म्हणाले, हे कुणी आधी का मोजलं नाही? मी गप्प.

मोठ्या पंपाची किंमत मागवली आहे. डोस 20 वर नेला तर बायसल्फाइटही वाढवावं लागेल ना?

चार्ल्सकाठची

हो. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण 1.46 मिलिग्रॅम बायसल्फाइट, वर थोडं. पण ओतत सुटू नका, जास्तीचं बायसल्फाइट नदीतला ऑक्सिजन खातं. आणि कमीही नको, माशांसाठी गोड्या पाण्यातली क्लोरीनची तीव्र (म्हणजे थोड्या वेळाच्या संपर्काची) मर्यादा लिटरला 19 मायक्रोग्रॅम आहे. मिलिग्रॅम नाही, मायक्रो.

जाता जाता, नमुन्याच्या बाटलीत थायोसल्फेट होतं ना?

ओढ्याकाठी

प्रयोगशाळेकडून बाटल्या येतात, तळाशी चिमूटभर पांढरी पूड असते. माझा सहकारी त्या नळाखाली विसळून घेतो. म्हणतो, आत काहीतरी राहिलेलं असतं.

चार्ल्सकाठची

ते राहिलेलं काहीतरी म्हणजेच थायोसल्फेट. बाटलीतलं क्लोरीन तिथल्या तिथे मारायला ठेवलेलं. ते धुऊन टाकलं तर 3.1 मिलिग्रॅम क्लोरीन प्रयोगशाळेपर्यंतच्या अख्ख्या प्रवासात जंतू मारत बसलं.

ओढ्याकाठी

म्हणजे ते 40...

चार्ल्सकाठची

ते 40 कागदावरून खोडा. 48,000 खरे आहेत, त्या बाटलीत मारायला क्लोरीनच नव्हतं.