कॅट्स अँड डॉग्ज सोडून जोराच्या पावसाला इंग्रजीत काय म्हणतात?

मांजलपूरकर:
टीम बडोद्यात, क्लायंट लंडनचा. पावसाळ्यात कॉल सुरू झाला की पहिला प्रश्न, तिकडे हवा कशी? शाळेतलं 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' सोडून त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं काही सुचवा. आणि अलकापुरीचं गरनाळं (रेल्वेखालून जाणारा रस्ता) पाण्यानं भरलं, म्हणून निम्मे लोक पोचले नाहीत, हे चॅटवर कसं लिहायचं?

तर्जुमा:
सगळ्यात बिनधोक 'इट्स पोअरिंग'. लंडन असो की अमेरिका, साहेबापुढेही चालतं. खास ब्रिटिश हवं तर 'इट्स बकेटिंग डाउन' किंवा 'इट्स चकिंग इट डाउन'. चकिंगनंतरचा 'इट' सहसा गाळत नाहीत, बकेटिंगला त्याची गरज नसते. 'लॅशिंग' आयरिश मंडळींच्या तोंडी जास्त. 'पिसिंग डाउन' कानावर भरपूर येईल, पण ते शिवराळ आहे. क्लायंट म्हणाला तरी आपण म्हणू नये. 'स्पिटिंग'ला फसू नका, ती नुसती भुरभुर.

रावपुरा_लेन:
शब्दांपेक्षा वाक्यात जास्त घोळ होतो. डोक्यात 'पाऊस येतोय' असतं, तोंडून 'रेन इज कमिंग' जातं, आणि समोरच्याला वाटतं की पाऊस अजून यायचाय. 'रेनिंग हार्डली' त्याहून वाईट, कारण 'हार्डली' म्हणजे जेमतेम. 'रेनिंग हार्ड' म्हणा.

'वॉटरलॉगिंग' आपल्याकडच्या पेपरांत ठीक. तिकडे 'वॉटरलॉग्ड' म्हटलं की आधी खेळाचं मैदान डोळ्यांपुढे येतं. सरळ लिहा: 'द रेल्वे अंडरपास इज फ्लडेड, सो हाफ द टीम इज वर्किंग फ्रॉम होम.' गरनाळ्याला सबवे मात्र नको. लंडनकरांच्या लेखी तो पायी चालणाऱ्यांचा भुयारी रस्ता.

मांजलपूरकर:
म्हणजे कॅट्स अँड डॉग्ज चूकच?

तर्जुमा:
चूक नाही हो, १७व्या शतकापासून छापात आहे. पण आता पुस्तकी वाटतं. गवती छपरावरून कुत्री-मांजरं घसरून पडायची, ही व्हॉट्सॲपवरची व्युत्पत्ती मात्र निव्वळ थाप.
आणि 'व्हेन इट रेन्स, इट पोअर्स' हवेबद्दल वापरू नका. एकामागून एक संकटं आली की ते म्हणतात.

सूरसागर_काठ:
डेडलाइन पुढे ढकलायची असेल तर वाक्प्रचार राहू द्या, आकडा द्या. आपल्या हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिमीपासून 'हेवी', ११५.६ पासून 'व्हेरी हेवी' आणि २०४.४ च्या वर 'एक्स्ट्रीमली हेवी'. लंडनला अख्ख्या वर्षात ६०० मिमीच्या आसपास पडतो. तेव्हा 'वी हॅव हॅड २०० मिलिमीटर्स सिन्स यस्टरडे' एवढं लिहिलं की पुढचं समजावत बसावं लागत नाही. 'क्लाउडबर्स्ट' उगाच ठोकू नका. त्याला थोड्याशा भागात तासाभरात १०० मिमीच्या आसपास पाऊस लागतो.