विषय: आयांना आया रुमेलीला न्यायचं कसं? (ग्रीसमधल्या क्रीट बेटाची सहल, सामारिया घळीचा दिवस)

प्राची, सोमवार रात्री 11:08

सुधीर, तक्ता बघितला. बुधवार: "चालणारे 22, बस सकाळी 6 ला ओमालोस. ज्येष्ठ 9, हॉटेलवर विश्रांती." ही विश्रांती मागितली कुणी? आई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली आहे. तिला खोलीत बसवून मी घळीत उतरायचं? मागे ब्लॅक फॉरेस्टला हेच झालं होतं आणि नंतर कोण कोण कुणाशी बोलत नव्हतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. काहीतरी मार्ग काढा.

सुधीर, मंगळवार सकाळी 7:15

प्राचीताई, ब्लॅक फॉरेस्ट इथे नको, त्यावर वार्षिक सभेत बोलून झालंय.

घळ 16 किलोमीटर. ओमालोसला बाराशे मीटरवर चालायला सुरुवात करायची ती थेट समुद्रापर्यंत. मधे कुठे रस्ता नाही. पाय मुरगळला तर खेचरावर बसवून आणतात. खाली आया रुमेली, तिथेही रस्ता नाही, फक्त बोट. म्हणजे ज्याला इतकं चालवत नाही त्याला न्यायचं कसं? एक बस, एक ड्रायव्हर, 31 माणसं. यात काय करू ते सांगा, मी करतो.

श्रीकांत, मंगळवार सकाळी 8:02

प्रथम एक दुरुस्ती. तक्त्यात "चानिया" छापलंय. गाव हान्या आहे. आणि "आगिया रुमेली" नव्हे, आया रुमेली. आया म्हणजे संत, स्त्रीलिंगी. ड्रायव्हरला "आगिया" म्हणालात तर तो तुमच्या तोंडाकडे बघत बसेल.

आता मुद्दा. मी तिथे दोनदा गेलोय (फोटो मंडळाच्या जुन्या अल्बमात आहेत, कुणी बघितले असतील तर). घळ वरूनच उतरली पाहिजे असा नियम नाही. खालूनही तिकीट काढून आत जाता येतं. बोटीने आया रुमेलीला उतरायचं, गावातून दोन-तीन किलोमीटर मागे डोंगराकडे चालायचं, की उद्यानाचं खालचं फाटक येतं. तिथून आणखी दोनेक किलोमीटर आत गेलं की सगळ्या पोस्टकार्डांवर असतं ते ठिकाण: सिदेरोपोर्तेस, लोखंडी दरवाजे. नावाचेच लोखंडी. दोन्ही बाजूंना तीनशे मीटरचे कडे आणि मधे तीन-चार मीटरची फट, खालून ओढा. ज्यांनी भंडारदऱ्याकडची सांधण बघितली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. सांधणीच्या तोंडाशी साम्रद आणि इथे सामारिया, हा योगायोग मला तिथेच सुचला होता, कुणी दाद दिली नाही.

म्हणजे वरचे 11 किलोमीटर सोडले तरी मुख्य गोष्ट पदरात पडते. तिकडे याला आळशी रस्ता म्हणतात. आळशी कसला, जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर होतात. नऊ जणांमधले निम्मे फाटकापर्यंत येतील, उरलेले गावात समुद्रात पाय सोडून बसतील.

मीनल, मंगळवार सकाळी 8:40

श्रीकांतकाका, "चानिया" मी छापलंय, विमान कंपनीच्या तिकिटावरून. तिथे ते इंग्रजीत तसंच आहे. सुधीरला बोलू नका.

अपर्णा, मंगळवार दुपारी 12:31

बाकी चालू द्या, पण जेवणाचं कुणी बघतंय का? मागच्या वर्षी आम्ही तिकडे गेलो होतो तेव्हा नवऱ्याने कुठून तरी वाचून ठेवलं होतं की "निस्तीसिमो" म्हणायचं, म्हणजे उपवासाचं, म्हणजे मांस, अंडी, दूध काही नाही. सासूबाई खूश. हॉटेलवाल्या आजीने "हो हो, निस्तीसिमो" म्हणत वाटाण्यांची उसळ आणली, द्राक्षाच्या पानांत भाताचे गोळे आणले आणि तिसऱ्या बशीत ऑक्टोपस. लिंबू पिळून. त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस, माकूळ, शिंपले चालतात, कारण त्यांच्यात रक्त धरत नाहीत. सासूबाईंनी बशी शांतपणे माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, "आपल्याकडे साबुदाण्यावरून इतके वाद, बघ."

स्फाकियाकडे पातळ पोळीत ताजं चीज भरून वर मध ओतून देतात. ते सगळ्यांना चालेल. सुधीर, नोंद घे.

निनाद, मंगळवार दुपारी 1:05

अपर्णाच्या ऑक्टोपसला नमस्कार. मी बसवर बोलतो, कारण माझं पोट त्यावरच चालतं.

तुमच्या मनात असं असेल: बस ओमालोसला माणसं सोडून हान्याला परत, तिथून नऊ ज्येष्ठ घेऊन होरा स्फाकिऑन बंदर, कारण बहुतेक लोक बोट तिथून धरतात. हे करू नका. ड्रायव्हर सकाळभर वळणांवर, आणि सकाळची बोट हमखास चुकणार. ओमालोसहून सरळ खाली सूयाला जा. तासाभराचा रस्ता आहे, दक्षिण किनाऱ्यावरच उतरतो. सूयाहून सकाळी आया रुमेलीला बोट असते, पाऊण तासाच्या आसपास. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आया रुमेलीहून तीच बोट सूयाला परत येते. म्हणजे ज्येष्ठ आणि चालणारे एकाच बसने निघतील, एकाच बोटीने परतेल सगळी वरात, आणि बस दिवसभर सूयाला झाडाखाली उभी. बोटीचं वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, ते आधी एकदा फोन करून विचारा.

खरा घोळ गुरुवारचा आहे. तक्ता म्हणतो गुरुवारी पहाटे 5:30 ला स्पिनालोंगा, म्हणजे बेटावरचा तो किल्ला. बुधवारी बस हान्यात पोचायला सव्वाआठ वाजणार. ड्रायव्हरला रोज 11 तास सलग विश्रांती लागते. कमी करून 9 करता येते, पण आठवड्याच्या दोन सुट्ट्यांच्या मधे तीनदाच. सव्वाआठ ते साडेपाच म्हणजे सव्वानऊ तास. बोट अर्धा तास उशिरा आली की गुरुवारी बस जागची हलणार नाही, आणि मग कुणीही "अहो थोडं अॅडजस्ट करा" म्हणू नका. दंड त्याला होतो.

सुधीर, मंगळवार दुपारी 2:20

मग स्पिनालोंगा रद्द करतो. हान्याहून 200 किलोमीटरच्या वर आहे, तीन तासांहून जास्त. मी पहिल्यापासून म्हणत होतो.

श्रीकांत, मंगळवार दुपारी 2:27

रद्द? अजिबात नाही. गुरुवारऐवजी शनिवारी घ्या, हान्या सोडून इराक्लिओला मुक्काम हलवतो त्या दिवशी. वाट तीच आहे. नुसता व्हेनिसवाल्यांचा 1579 चा किल्ला म्हणूनही बघण्यासारखा आहे, चहूबाजूंनी पाणी, आपल्या मुरुडच्या जंजिऱ्यासारखा. पण त्यासाठी नाही. 1903 ते 1957 तिथे कुष्ठरोग्यांची वसाहत होती. घरं, दुकानांची ओळ, दवाखाना, सगळं उभं आहे. आनंदवन पाहिलेल्या माणसाने तर जरूर बघावं. रुग्ण हलवल्यावरही एक पाद्री मागे राहिला, 1962 पर्यंत. कारण त्यांच्यात मृताची प्रार्थना चाळीस दिवसांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने, तीन आणि पाच वर्षांनी करावी लागते. पाच वर्षं भरली आणि मग तो गेला. वर्षश्राद्ध चुकवायचं नाही म्हणून माझी आत्या रत्नागिरी सोडून आयुष्यभर कुठे गेली नाही, तिची आठवण झाली.

सामारिया गावही 1962 लाच रिकामं झालं, राष्ट्रीय उद्यान केलं म्हणून लोकांना उठवलं. घळीच्या मधोमध घरं अजून आहेत.

प्राची, मंगळवार रात्री 9:50

हे आईचं. ती सांगतेय, मी टाइप करतेय:

"सगळ्यांना नमस्कार. माझ्याबद्दल इतकी चर्चा चालली आहे हे मला आज कळलं. बासष्ट वर्षांची होईपर्यंत मी दर रविवारी आतकरवाडीकडून सिंहगड चढत होते, आता गुडघे ऐकत नाहीत. चढताना दम जातो, उतरताना गुडघे जातात, आणि दम परत येतो. तेव्हा बाराशे मीटर उतार मला नको, काकांचा खालचा रस्ता बरा. जाताना हलका चढ, येताना थोडाच उतार. काठी माझी मी आणेन. फाटकापाशी बाकडं आहे का तेवढं विचारा. आणि हॉटेलात विश्रांती नको, मी पुण्यात पुष्कळ करते."

श्रीकांत, मंगळवार रात्री 10:04

वहिनी, बाकड्याचं आठवत नाही, सावलीला दगड पुष्कळ आहेत. गावापासून फाटकापर्यंत छोटी बस चालायची, पण तिच्या भरवशावर राहू नका. तिकीट मात्र जपा, बाहेर पडताना मागतात, आत कुणी राहिलं नाही ना हे त्यावरूनच कळतं.

मीनल, बुधवार सकाळी 7:30

सगळ्यांना: उन्हाची लाट किंवा पाऊस असेल तर घळ बंद ठेवतात, कधी आदल्या संध्याकाळी कळतं. म्हणून बुधवार आणि गुरुवार आलटून-पालटून ठेवू. आत झरे आहेत, पाण्याची एक बाटली पुरते, ओझं वाहू नका. चपला घालून येणाऱ्याला मी स्वतः बसमध्ये बसवून ठेवीन. मागच्या वेळचं नाव घेत नाही.

सुधीर, बुधवार सकाळी 9:12

सुधारित तक्ता जोडलाय. "विश्रांती" काढलं. बस ओमालोस, तिथून सूया, दिवसभर तिथेच. स्पिनालोंगा शनिवारी. दुसऱ्या पानावर दोन याद्या आहेत: "वरून उतरणारे (22)" आणि "आया (9)". 11 जणांचे पैसे अजून आलेले नाहीत, उद्या रात्रीपर्यंत.

निनाद, बुधवार सकाळी 9:20

सुधीर, "आया" मध्ये श्रीकांतकाका आहेत.

श्रीकांत, बुधवार सकाळी 9:21

मी वरून उतरणार आहे.

सुधीर, बुधवार सकाळी 9:34

बरं. 23 आणि 8. काका, तुमचेही पैसे यायचेत.