दोघी जावा, एक चूल: गौरीच्या आधी वाटणी कशी करावी?

शिवाजीपेठेतली सून: घरात आठ माणसं. थोरल्या जाऊबाई (मी अक्का म्हणते) घरी असतात, मी शिरोली एमआयडीसीत. सकाळी साडेआठला बाहेर, परत सात वाजता. म्हणून किराण्याला मी जास्त पैसे देते. तरी ‘पैसे टाकले की झालं का’ हे वन्संकडून (नणंदेकडून) कानावर येतं. आत्या (सासूबाई) थेट काही बोलत नाहीत. त्यात आत्यांच्या कोल्हापुरी साजाचा, म्हणजे गळ्यातल्या सोन्याच्या दागिन्याचा, विषय निघालाय. सुरुवात कुठून करू?

भाकरी-भाजी: एक आठवडा तुमचा, एक त्यांचा, असल्या पाळ्या लावू नका. नोकरीवालीची पाळी दुपारी घरातलीवरच पडते. एखादं काम उचला ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत. रात्री जेवणं झाल्यावर भांडी, ओटा, दुधाची पातेली, सकाळची भाजी निवडून ठेवणं, सगळं तुमचं. चपातीची कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये राहते. ज्वारीचं पीठ मात्र ऐनवेळीच मळायचं, नाहीतर भाकरी थापताना चिरते. म्हणून सकाळच्या भाकरी जमत असतील तरच अंगावर घ्या.

रविवारचा रस्सा घ्यायचा तर सगळा घ्या. आठजणांना सव्वा किलो मटण पुरतं. आणणं, अळणी शिजवणं, वाटण, तांबडा, पांढरा, सगळं तुम्ही. पांढऱ्यात नारळाचं दूध घातल्यावर आच मंद ठेवून ढवळत राहा. खळखळ उकळी आली की फुटतो. आणि तेलकट पातेली तुम्हीच घासा. रस्सा तुमचा आणि घासणी अक्कांची झाली, की ‘धाकटीचा रस्सा काय झालाय!’ हे कौतुक त्यांना ओट्यापाशी उभं राहून ऐकावं लागतं. धुसफूस तिथंच सुरू होते.

वहीखाते: जास्तीचे पैसे किराण्यात मुरतात, कुणाला दिसत नाहीत. त्याच पैशांत धुण्याभांड्याला बाई लावा. अक्कांचा रोजचा वेळ वाचेल आणि तो त्यांना दिसेल. पण बाई कोण, किती वाजता यायची, हे अक्कांनाच ठरवू द्या. दिवसभर तिच्याशी गाठ त्यांची. किराण्याला दोघींची रक्कम सारखी ठेवा. पैशांचा डबा आत्यांकडे, हिशेबाची वही ओट्याजवळ.

महाद्वार रोड: वन्संच्या तोंडून आलेल्या बोलण्याला वन्संकडूनच उत्तर पाठवू नका, ‘वन्सं म्हणाल्या’ असं अक्कांपुढे काढूही नका. नवऱ्यालाही मध्ये घालू नका, त्यातून भावाभावांत लागतं. सरळ म्हणा, “अक्का, रात्रीच्या भांड्यांना तुम्ही हात लावायचा नाही, ती माझी.” आणि त्याच रात्रीपासून करा.

गौरी जेवतात त्या दिवसाची रजा आत्ताच टाका. पुरण शिजवणं-वाटणं आदल्या रात्री तुमच्याकडे, पोळ्या लाटायला दोघी. वन्संची साडी दोघींनी मिळून एकच घ्या, दुकानात दोघी जाऊन. वेगवेगळ्या दिल्या की पोताची आणि किमतीची तुलना आलीच.

गुजरीजवळचा: साजाबद्दल. आत्यांचे दागिने हे त्यांचं स्त्रीधन. हयातीत कुणाला द्यायचं ते त्याच ठरवणार. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे आधी मुलगे, मुली आणि नवरा यांचा हक्क. सुनांना सून म्हणून वाटा नाही, वन्संना मात्र आहे. तेव्हा दोघी जावांनी ‘साज तुला की मला’ यावर तोंड वाईट करण्यात अर्थ नाही. आत्यांची इच्छा असेल तर त्यांनी दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन मृत्युपत्र करावं, कुठला दागिना कुणाला ते नावानिशी लिहून. किंमत काढताना एवढं बघा: साजाच्या मण्यांत लाख असते, त्यामुळे नुसत्या काट्यावरच्या वजनाला सोन्याचा भाव लावला की हिशेब चुकतो. सराफाकडून निव्वळ सोनं किती ते लिहून घ्या, तेही तिघीजणी समोर असताना.

शिवाजीपेठेतली सून: रात्रीची भांडी आजपासून माझी. बाईचं अक्कांनाच विचारते.