'मास्केरा': मुखवटा, पात्र की सोंग?

भाषांतरवाली: इटलीच्या 'कोम्मेदिया देल्लार्ते' या जुन्या नाट्यप्रकारावरचा लेख मराठीत आणतेय. त्यात आर्लेक्कीनो, पांतालोने, कोलोम्बीना या सगळ्यांना 'मास्केरा' म्हटलंय. मी 'मुखवटा' लिहीत गेले आणि कोलोम्बीनापाशी अडले, कारण ही मोलकरीण बहुधा उघड्या चेहऱ्यानंच वावरते. 'हा मुखवटा मुखवटा घालत नाही' असं कसं लिहू?

मोखाडकर: 'सोंग' लिहा. आमच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे नाचवायच्या उत्सवात, मुखवटाही सोंग आणि तो नाचवणाराही सोंग. लहानपणी रात्रभर जागून सोंगं पाहिलीत, संबळ वाजला की अजून झोप उडते.

शुद्धमती: सोंग नको. 'सोंगं करू नकोस' म्हणून घरात ओरडा खाल्लाय, खोटेपणाचा वास आहे त्याला. 'पात्र' म्हणा.

भाषांतरवाली: पात्र एका नाटकाचं असतं हो. पांतालोने कुठल्याही नाटकात व्हेनिसचा तोच कंजूष म्हातारा व्यापारी, आर्लेक्कीनो तोच बेर्गामोचा ठिगळवाला नोकर.

जुना वाचक: मास्केरा आणि आपली मसखरी, दोन्ही अरबी 'मस्खरा'ची लेकरं. सरळ 'मसखरा' करा!

शुद्धमती: मसखरीचं मान्य. मास्केराबाबत तो नुसता तर्क आहे. मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'मास्का'कडेही बोट दाखवतात, म्हणजे चेटकीण. आणि मुख म्हणजे तोंड. आर्लेक्कीनोचा चामड्याचा मुखवटा वरच्या ओठापाशी संपतो, बोलायला तोंड मोकळं. तो मुखवटा कसला?

मोखाडकर: मग व्हेनिसची मोरेत्ता तुमच्या व्याख्येत चपखल बसेल. बायकांचा मुखवटा तो, काळा नि लंबगोल. आतलं बटण बाईनं दातांत धरायचं. बोलली की मोरेत्ता पडली.

वऱ्हाडची लेक: मुख म्हणजे चेहराही. आमच्या महालक्ष्म्यांचे पितळी मुखोटे कोणी तोंडावर बांधतं का?

शुद्धमती: मुखवटे. 'मुखोटा' हिंदीतून आलाय.

वऱ्हाडची लेक: माझ्या आजीला हिंदी येत नव्हतं. चिंचेनं घासून ती ते उन्हात ठेवायची आणि मुखोटेच म्हणायची.

जुना वाचक: आमच्याकडे मातीचे असत, दरवर्षी रंगवायचो. त्यांना नुसतं 'तोंडं' म्हणत. अजून कुठे म्हणतात का?