विधानपरिषद हवी, पण पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ कशासाठी?

मूळ मांडणी

महाराष्ट्र विधानपरिषदेच्या ७८ जागांपैकी ३० सदस्य विधानसभेचे आमदार निवडून देतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून येतात, १२ राज्यपाल नामनियुक्त करतात आणि उरलेल्या १४ जागा पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत निम्म्या-निम्म्या वाटल्या आहेत. परिषद बरखास्त करावी असे माझे म्हणणे नाही. ती कधी विसर्जित होत नाही आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, या सातत्याचे मोल मी मानतो. माझा आक्षेप या १४ जागांपुरता आहे. विधानसभेला मतदान करणाऱ्या नागरिकाला केवळ पदवी आहे म्हणून आणखी एक आमदार निवडण्याचा हक्क का मिळावा? शिक्षकांच्या बाबतीत तर विसंगती अधिक ठळक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थांत किमान तीन वर्षे शिकवणाऱ्यांनाच मत आहे. मुलांना अक्षरओळख करून देणारा जिल्हा परिषद शाळेतला प्राथमिक शिक्षक यादीबाहेर राहतो. शिवाय पदवीधर मतदारसंघाचा उमेदवार स्वतः पदवीधर असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच स्पष्ट केले आहे.

प्रतिसाद १

पूर्णपणे असहमत. आमदारांकडून निवडल्या जाणाऱ्या ३० जागांची नावे पक्षश्रेष्ठी ठरवतात आणि स्थानिक संस्थांच्या २२ जागांवर नगरसेवकांची जमवाजमव कशी चालते हे सर्वांना ठाऊक आहे. सामान्य माणूस थेट मत देऊन परिषदेत सदस्य पाठवतो तो याच १४ जागांवर. अमरावती पदवीधर मतदारसंघाचे बी. टी. देशमुख यांनी विदर्भाच्या सिंचन अनुशेषाचा प्रश्न वर्षानुवर्षे आकडेवारीनिशी लावून धरला. मोठ्या पक्षाच्या मर्जीवर जागा अवलंबून असती तर इतका चिवटपणा त्यांना परवडला असता का? दुखणे अन्यत्र आहे. स्थानिक निवडणुका रखडल्याने २०२२ नंतर त्या २२ पैकी अनेक जागा रिकाम्या राहिल्या. राज्यपालांकडे नोव्हेंबर २०२० मध्ये गेलेल्या १२ नावांवर २०२२ मध्ये सरकार बदलेपर्यंत निर्णयच झाला नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात तर सभागृहाला सभापतीही नव्हते, उपसभापतींनी कामकाज चालवले. एवढे सगळे सोडून तुम्ही नेमका मतदारांनी थेट निवडलेला भाग काढायला निघालात.

प्रतिसाद २

मला दोघांचेही पटत नाही, कारण सभागृहच निष्प्रभ आहे. धनविधेयक परिषद १४ दिवसांपलीकडे रोखू शकत नाही. साधे विधेयक पहिल्या फेरीत तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना, एवढाच तिचा अधिकार आहे. तमिळनाडूने १९८६ मध्ये परिषद रद्द केली, त्यामुळे त्या राज्याचे काही अडलेले दिसत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

आधी प्रतिसाद २ विषयी. विधेयक रोखणे हे वरिष्ठ सभागृहाचे एकमेव काम नव्हे. परिषदेचे दीर्घकाळ सभापती राहिलेले वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली आणि तिचा पाठपुरावा केला. १९७७ चा कायदा त्या आग्रहातून उभा राहिला.

आता देशमुखांविषयी. त्यांचे काम मोठेच आहे, पण ते श्रेय त्यांचे, मतदारसंघाचे नव्हे. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. त्यासाठी नमुना १८ चा अर्ज भरावा लागतो आणि हे अर्ज गठ्ठ्यांनी भरून घेण्याचे काम इच्छुक उमेदवार, पक्ष आणि संस्थाचालक करतात, त्यामुळे ज्याची यंत्रणा मोठी त्याचीच यादी मोठी होते. मतदानाच्या दिवशी केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या स्केचपेननेच नावासमोर पसंतीक्रमाचा आकडा लिहायचा असतो. कोणी बरोबरची खूण केली किंवा ‘एक’ असे अक्षरात लिहिले की मत बाद. अशी बाद मते हजारोंच्या घरात जातात, आणि तीही पदवीधरांची.

या जागा ग्रामपंचायत सदस्यांना द्याव्यात, असा माझा प्रस्ताव आहे. कर्नाटकात ते स्थानिक संस्था मतदारसंघात मतदान करतात, आपल्याकडे ग्रामपंचायतीला तो हक्क नाही.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

ग्रामपंचायतींचा मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी आमच्या १४ जागा कशाला हव्यात? लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या चौथ्या अनुसूचीत संसदेने महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली तरी आहे त्या २२ जागांसाठी ग्रामपंचायत सदस्य मतदार होऊ शकतात. पदवीधर मतदारसंघ काढायचे तर अनुच्छेद १७१ मधली परिषदेची रचनाच संसदेला बदलावी लागेल आणि त्यासाठी इतर राज्यांच्या परिषदांचाही विचार करावा लागेल. नोंदणीतला दोष मी मान्य करतो. त्यावर उपाय म्हणजे विधानसभेप्रमाणे कायमस्वरूपी यादी, जिच्यात एकदा नोंदलेला पदवीधर दर सहा वर्षांनी पुन्हा अर्ज घेऊन उभा राहणार नाही. प्राथमिक शिक्षकांनाही मत मिळावे, या मागणीवर तर मी तुमच्या बाजूने सही करायला तयार आहे. पण त्यासाठी शिक्षक मतदारसंघ आधी टिकला पाहिजे.